घरच्या घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक स्केटबोर्डचं वायरिंग, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

डेक, ट्रक, चाकं, मोटर माउंट सगळं बसवून झालंय, बॅटरी, मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) टेबलावर पसरलेत आणि आता कुठली वायर कुठे लावायची इथे गाडी अडलीये, अशांसाठी हे लिहितोय. पुली, बेल्ट, बेअरिंग यातलं काही इथे नाही, फक्त वायरिंग.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण पुढचे माझे बरेचसे हट्ट त्यातूनच आलेत. या बोर्डाला वेगळा ब्रेक नसतो. केबल नाही, पॅड नाही, मोटरच जनरेटरसारखी चालून बोर्ड थांबवते आणि त्यातून तयार झालेली वीज त्याच वायरीतून परत बॅटरीत जाते. म्हणजे बॅटरीपासून मोटरपर्यंतच्या रस्त्यात कुठे सोल्डर सुटलं, कनेक्टर ढिला झाला किंवा बीएमएसने (बॅटरीच्या सेलवर नजर ठेवणारं सर्किट) मध्येच सप्लाय तोडला तर नुसता बोर्ड बंद पडत नाही, ब्रेकही जातो, आणि तुम्ही उतारावर असाल तर मग पायातले बूट आणि तुमचं नशीब. त्यामुळे मेन वायर ही ब्रेकची वायर आहे असं समजूनच प्रत्येक जॉइंट करायचा.

उदाहरणाला एक सेटअप धरून चालू म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. बॅटरी १०एस४पी, म्हणजे १० सेल सिरीजमध्ये आणि असे ४ पॅरललमध्ये, एकूण ४० सेल. सेल सॅमसंग ३०क्यू किंवा तशाच ताकदीचे, ३००० एमएएच आणि १५ अँपिअर सतत देणारे. पॅक झाला नॉमिनल ३६ व्होल्टचा, फुल चार्ज ४२ व्होल्टचा, १२ अँपिअर-अवरचा, म्हणजे साधारण ४३२ वॅट-अवर. मोटर दोन, १९० केव्हीच्या (हे किलोव्होल्ट नव्हे, दर व्होल्टमागे किती आरपीएम तो आकडा) आउटरनर, म्हणजे बाहेरचं कवच फिरणाऱ्या, आणि हॉल सेन्सरवाल्या, म्हणजे मोटर कुठल्या स्थितीत आहे ते ईएससीला सांगणाऱ्या. ईएससी दोन, व्हेस्क प्रकारचे, म्हणजे बेंजामिन वेडर या स्वीडिश इंजिनिअरच्या ओपन सोर्स डिझाइनवर बनलेले. आणि एक रिमोट आणि त्याचा रिसीव्हर. तुमची एकच मोटर असेल तर अजूनच सोपं, दुसऱ्या ईएससीचं सगळं गाळून वाचा.

पॅक स्वतः स्पॉट वेल्डिंग करून बनवायचा मोह पहिल्या बोर्डाला आवरा. तयार पॅक घ्या. वायरिंग शिकणं आणि लिथियम पॅक बांधणं हे दोन वेगळे धडे आहेत आणि दुसऱ्यात चूक झाली तर ती विझवायला लागते.

सामान

मेन वायर सिलिकॉन इन्सुलेशनवालीच घ्या, १२ एडब्ल्यूजी, म्हणजे जवळपास ३.३ चौरस मिलिमीटर. साधी पीव्हीसी वायर वाकवताना ताठ राहते आणि गरम झाली की कव्हर मऊ पडतं, सिलिकॉन २०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते आणि दोरीसारखी वळते, जे डेक खालीवर लवचिक होत असताना फार कामाचं आहे. चार्जिंगसाठी १८ एडब्ल्यूजी भरपूर. कनेक्टरमध्ये एक्सटी६०, एक एक्सटी९०-एस (शेवटचा एस महत्त्वाचा, पुढे सांगतो), मोटरच्या वायरींना बुलेट कनेक्टर. मग हीट श्रिंक दोन-तीन मापात, कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी), केबल टाय, रबर ग्रोमेट.

हत्यारात दोन गोष्टींवर कंजूषी नको. एक मल्टिमीटर, साधा चालेल पण चालू हवा. दुसरं सोल्डरिंग आयर्न, निदान ६० वॅटचं आणि रुंद टोकाचं. पेन्सिलीसारख्या बारीक टोकाच्या २५ वॅटच्या आयर्नने १२ एडब्ल्यूजीची वायर गरमच होत नाही, तुम्ही धरून बसता, उष्णता वायरीतून पळून जाते, इन्सुलेशन भाजतं आणि जॉइंट मात्र थंडच राहतो. सोल्डर ६३/३७ किंवा ६०/४० चा, सोबत फ्लक्स.

काम सुरू करायच्या आधी अंगठी, कडं, मेटलचं घड्याळ काढून ठेवा. ४२ व्होल्टचा कोरड्या हाताला फार काही झटका नाही बसत पण पॅकच्या प्लस-मायनसमध्ये अंगठी अडकली तर ती लाल होते, बोटात असतानाच. आणि पॅकच्या दोन्ही वायरी एकाच वेळी कटरने कधी कापू नका, कटरचं पातं म्हणजे सरळ शॉर्ट. एक कापा, टेप लावा, मगच दुसरी.

आधी कागदावर

हे कंटाळवाणं वाटतं पण करा. एका कागदावर डावीकडे बॅटरी काढा, उजवीकडे मोटरी, मध्ये बाकी सगळं, आणि लाल-काळ्या पेनने प्रत्येक वायर ओढा. तीन वेगळे रस्ते दिसायला हवेत: जाड पॉवरचा (बॅटरी ते ईएससी ते मोटर), चार्जिंगचा (जॅक ते बीएमएस ते बॅटरी) आणि बारीक सिग्नलचा (रिसीव्हर, हॉल सेन्सर आणि दोन ईएससींना आपसात जोडणारी कॅन बस). नवशिक्यांचा गोंधळ बहुतेक वेळा पहिले दोन रस्ते एकमेकांत मिसळल्यामुळे होतो.

कागदावर अजून एक ठरवा, कुठला डबा कुठे बसणार. ईएससी बॅटरीच्या जवळ ठेवा. ईएससीच्या इनपुटला जे कपॅसिटर असतात ते बॅटरीकडून येणाऱ्या वायरी लांब झाल्या की जास्त ताण घेतात आणि लवकर मरतात. लांबी वाढवायचीच असेल तर ईएससी ते मोटर या बाजूला वाढवा, तिकडे चालतं.

सोल्डरिंगबद्दल थोडं जास्तच

बोर्डाचा भरवसा इथेच ठरतो म्हणून इथे वेळ घालवा. वायर ७-८ मिलिमीटर सोला, फ्लक्स लावा, आयर्न ३८० ते ४०० अंशावर ठेवून वायरीला खालून टेकवा आणि सोल्डर वरून वायरीलाच लावा, आयर्नच्या टोकाला नाही. वायर स्वतः गरम झाली की सोल्डर आपोआप आत शोषलं जातं. मग कनेक्टरचा कप तसाच अर्धा भरून घ्या आणि शेवटी दोन्ही एकत्र वितळवून, आयर्न बाजूला करून, गार होईपर्यंत हात न हलवता धरा. जॉइंट चकचकीत आणि गुळगुळीत दिसला तर ठीक, करडा, दाणेदार किंवा गोळा बसल्यासारखा दिसला तर परत करा. मग ओढून बघा, चांगला जोर लावून, इथे सुटला तर बरंच झालं म्हणायचं.

दोन युक्त्या. एक्सटी कनेक्टर सोल्डर करताना त्याची जोडी त्यात खुपसून ठेवा, नाहीतर प्लास्टिक मऊ होऊन आतली पिन तिरकी होते आणि मग तो कनेक्टर नीट बसत नाही किंवा बसला तरी अर्धाच टेकतो. आणि हीट श्रिंक आधी वायरीवर सरकवून लांब ठेवा, मग सोल्डर. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर वेळी कोणीतरी विसरतोच.

बॅटरीच्या बाजूला कायम असा कनेक्टर लावायचा ज्याचे कॉन्टॅक्ट प्लास्टिकच्या आत लपलेले आहेत. उघड्या पिना ईएससीच्या बाजूला. बॅटरीची बाजू नेहमी जिवंत असते, ती टेबलावर पडली, स्क्रू ड्रायव्हरवर टेकली तरी काही होता कामा नये.

मेन लाईन आणि लूप की

पॅकच्या मायनसपासून सुरू करा. मायनस सरळ जाऊन दोन फाटे होऊन दोन्ही ईएससींच्या मायनसला. मध्ये स्विच नाही, काही नाही. प्लसच्या वायरीत मात्र एक तोड ठेवायची आणि तिथे एक्सटी९०-एस बसवायचा, मग तिथून पुढे दोन फाटे. फाटे करायला तयार वाय हार्नेस मिळतो पण तो पॅरलल आहे ना ते मीटरने तपासा, सिरीजचा हार्नेस लांबून हुबेहूब तसाच दिसतो.

आता हा एस कशासाठी. ईएससीचे कपॅसिटर रिकामे असतात, बॅटरी जोडल्या क्षणी ते एकदम भरायला जातात आणि वायरींचा रेझिस्टन्स जवळपास शून्य असल्यामुळे क्षणभर प्रचंड करंट वाहतो, फटाक्यासारखा आवाज येतो आणि कनेक्टरच्या टोकाला काळा डाग पडतो. दर वेळी असं होत राहिलं तर कॉन्टॅक्ट खराब होतात. एक्सटी९०-एसच्या आत ५.६ ओहमचा छोटा रेझिस्टर असतो, प्लग अर्धा आत गेला की आधी तो जोडला जातो, ४२ भागिले ५.६ म्हणजे जास्तीत जास्त साडेसात अँपिअर, कपॅसिटर शांतपणे भरतात, मग प्लग पूर्ण आत गेला की रेझिस्टर बाजूला पडतो. म्हणून तो सावकाश खुपसायचा, अर्ध्यावर क्षणभर थांबून. आत हिरवी रिंग दिसते ती बाजू रेझिस्टरवाली, ती बोर्डावर फिट करायची: तोडलेल्या प्लस वायरीचं एक टोक तिच्या एका टर्मिनलला, दुसरं दुसऱ्याला. समोरच्या साध्या एक्सटी९०च्या दोन्ही टर्मिनलमध्ये जाड वायरीचा छोटा तुकडा सोल्डर करा. ही झाली लूप की. लावली की बोर्ड ऑन, काढून खिशात टाकली की बोर्ड बंद आणि कोणी घेऊन पळूही शकत नाही.

पण ऐका, लूप की म्हणजे मुद्दाम केलेला शॉर्ट आहे. ती चुकून पॅकच्या आउटपुटला लागली तर खेळ खलास. म्हणूनच वर बॅटरीला एक्सटी६० आणि लूपला एक्सटी९० असे वेगळे साइज घेतलेत, चूक करायची ठरवली तरी बसणार नाही.

इलेक्ट्रॉनिक अँटीस्पार्क स्विच मिळतात, बटण दाबलं की ऑन, छान दिसतात. मला ते आवडत नाहीत. आत मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचचं काम करणारे भाग, असतात आणि मॉसफेट जळला की बहुतेकदा शॉर्ट होऊन ऑनच राहतो, म्हणजे बोर्ड बंदच होत नाही, आणि कधीकधी उलटं होतं, चालत्या बोर्डात स्विच ऑफ होतो. ब्रेकचं मघाचं आठवा. लूप कीमध्ये बिघडायला काही नाही.

फ्यूज लावायचा का यावर लोक रात्रभर भांडू शकतात. माझं मत, पॅकच्या प्लसला अगदी जवळ एक लावा पण मोठा, आपण ईएससीमध्ये एकूण ४० अँपिअरची मर्यादा घालणार आहोत तर ८० अँपिअरचा. त्याचं काम फक्त सरळ शॉर्ट झाला तर वायर पेटू न देणं, चढावर जोर लागला म्हणून उडणं नाही. फ्यूजचं व्होल्टेज रेटिंगही वाचा: कारमधले साधे ब्लेड फ्यूज ३२ व्होल्टचे असतात, ४२ व्होल्ट डीसीला ते उडाले तरी आत आर्क चालू राहू शकतो. ५८ व्होल्ट किंवा त्याहून जास्तवाला घ्या.

बीएमएस आणि चार्जिंग

बीएमएसचं काम प्रत्येक सेल गटावर (पॅरललमधले ४ सेल म्हणजे एक गट) नजर ठेवणं. दोन पद्धतीने जोडता येतं. एक, चार्जिंग आणि डिस्चार्ज दोन्ही बीएमएसमधून. दोन, फक्त चार्जिंग बीएमएसमधून आणि चालवताना करंट थेट पॅकमधून ईएससीला. मी दुसरीच सांगेन. कारण पहिल्या पद्धतीत बीएमएसला वाटलं की करंट जास्त झाला किंवा एखादा सेल कमी झाला की तो कट करतो, न विचारता, आणि ते जर तुम्ही जोरात ब्रेक दाबलेला असताना झालं तर मोटरमधून येणाऱ्या विजेला जायला जागाच राहत नाही, ईएससीच्या टोकाला व्होल्टेज झपकन वर जातं, ईएससी फॉल्टमध्ये जातो किंवा कायमचा जातो, आणि ब्रेक तर गेलेलाच असतो. दुसऱ्या पद्धतीत बॅटरी जास्त उतरू न देण्याची जबाबदारी ईएससीवर येते आणि ईएससीला फक्त एकूण व्होल्टेज दिसतं, एकेक सेल नाही, म्हणून अधूनमधून मीटरने गट तपासावे लागतात. हा सौदा मला मान्य आहे. तयार पॅक घेतलात तर आत बीएमएस कसा जोडलाय ते विकणाऱ्याला आधी विचारा.

जोडणी अशी: बीएमएसचा बी-मायनस पॅड पॅकच्या मायनसला. सी-मायनस (काहींवर पी-मायनस लिहिलेलं असतं) चार्जिंग जॅकच्या मायनसला. जॅकचा प्लस सरळ पॅकच्या प्लसला, मध्ये ५ अँपिअरचा छोटा फ्यूज, त्यालाही तेच व्होल्टेज रेटिंग. ईएससीकडे जाणारा जाड मायनस पॅकमधूनच निघतो, बीएमएसला स्पर्शही करत नाही.

राहिल्या बॅलन्स वायरी. १० सिरीजला ११ वायरी, पहिली पॅकच्या मायनसला, मग प्रत्येक गटाच्या प्लसला एकेक. त्या सोल्डर करताना त्यांचा प्लग बीएमएसमध्ये लावलेला नसावा. आणि लावायच्या आधी हे एक काम चुकवू नका: मीटरचा काळा प्रोब पहिल्या पिनवर ठेवा आणि लाल प्रोब एकेक पिन पुढे न्या. ३.७, ७.४, ११.१, १४.८ असं पायरीपायरीने वाढत ३७च्या आसपास पोचलं पाहिजे (तुमच्या पॅकच्या चार्जप्रमाणे आकडे थोडे वरखाली). मध्येच उडी आली, आकडा मागे गेला किंवा शून्य दाखवलं तर वायरींचा क्रम चुकलाय, तसाच प्लग खुपसला तर बीएमएसमधून धूर. शेजारच्या दोन पिनांमधला फरक सगळीकडे सारखा यावा, ०.०५ व्होल्टच्या आत.

चार्जर ४२ व्होल्टचाच, लिथियम-आयनचा. ३६ व्होल्ट लिहिलेला लेड-अ‍ॅसिडचा चार्जर वेगळा असतो, तो नको. जॅकची पोलॅरिटी चार्जर लावून मीटरने बघा, स्टिकरवर विश्वास नको. चार्ज करताना लूप की काढलेली, बोर्ड नजरेसमोर, पडद्या-गाद्यांपासून लांब. आणि कधीतरी हिरवा दिवा लागल्यावरही थोडा वेळ चार्जरवर राहू द्या कारण स्वस्त बीएमएस सेलचं बॅलन्सिंग अगदी शेवटी, तेही जेमतेम काही मिलिअँपिअरने करतात.

मोटरच्या तीन वायरी

इथे लोक उगाच घाबरतात. प्रत्येक मोटरला तीन जाड वायरी, ईएससीला तीन, कुठलीही कुठेही जोडा. मोटर उलटी फिरली तर कुठल्याही दोन अदलाबदल करा किंवा सॉफ्टवेअरमध्ये दिशा उलटी करा. समोरासमोर बसवलेल्या दोन मोटरींत एक उलटी फिरणारच, त्यात काही बिघडलेलं नाही. मात्र वायरी बदलल्या की मोटर डिटेक्शन (ईएससी मोटर ओळखून घेतो ती पायरी, पुढे येईल) परत चालवायचं.

घाबरायचं ते एकाच गोष्टीला, दोन फेज वायरी (याच तीन जाड वायरी) एकमेकींना टेकणं. बुलेट कनेक्टर पूर्ण आतपर्यंत हीट श्रिंकने झाका. मोटर ईएससीला जोडायच्या आधी चाक हाताने फिरवून बघा, मोकळं फिरलं पाहिजे, मग मुद्दाम दोन फेज वायरी एकमेकींना टेकवून फिरवा, चाक जड होऊन अडखळेल. हा फरक हाताला लक्षात ठेवा. पुढे कधी बॅटरी काढलेली असूनही एखादं चाक असं जड लागलं तर कुठेतरी फेज शॉर्ट आहे किंवा ईएससीचा मॉसफेट गेलाय. मीटरशिवाय दोन सेकंदात निदान.

या वायरी बारीक घेऊ नका. बॅटरीतून २० अँपिअर येत असले तरी हळू वेगात मोटरमध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पट करंट असू शकतो, ईएससी व्होल्टेज कमी करून करंट वाढवून देतो. सुरुवातीच्या धक्क्याला आणि चढाला सगळा भार इथेच.

बारीक वायरी

हॉल सेन्सरचा सहा पिनांचा प्लग: ५ व्होल्ट, ग्राउंड, तीन हॉल, एक तापमान. मोटर एका कंपनीची आणि ईएससी दुसऱ्या असेल तर पिनांचा क्रम जुळतोच असं नाही. लाल ५ व्होल्टला आणि काळी ग्राउंडला जाते ना तेवढं तरी बघा, हॉलच्या तिघांचा आपसातला क्रम डिटेक्शन सांभाळून घेतं. सेन्सर नसला तरी मोटर चालते, फक्त उभ्या जागेवरून निघताना धडधडते.

रिसीव्हरच्या तीन वायरी, सिग्नल, ५ व्होल्ट, ग्राउंड. रिसीव्हरला वेगळी बॅटरी लागत नाही, ईएससीच ५ व्होल्ट देतो. दोन ईएससी असतील तर रिसीव्हर एकालाच लावा आणि दोघांना कॅन बसने जोडा, कॅन-हाय ते कॅन-हाय, कॅन-लो ते कॅन-लो. कॅनच्या प्लगमध्ये ५ व्होल्टची पिन असते, ती वायर काढून टाका, दोन ईएससींचे ५ व्होल्ट एकमेकांना जोडायचे नसतात.

आणि दोन्ही ईएससी कायम एकाच लूप कीवर, एकदम ऑन आणि एकदम ऑफ. मायनसमध्ये स्विच नको असं मी वर म्हटलं त्याचं कारण हेच: एका ईएससीचा जाड मायनस सुटला आणि प्लस चालू राहिला तर त्याचा सगळा करंट कॅनच्या नाहीतर रिसीव्हरच्या केसासारख्या ग्राउंड वायरीतून परतायचा रस्ता शोधतो, वायर जळते आणि जाताना दोन्ही ईएससींच्या चिप घेऊन जाते.

रिसीव्हर मोटरच्या वायरींपासून आणि बॅटरीपासून शक्य तितका लांब, त्याची अँटेना मोकळी. कार्बन फायबरचा डबा किंवा डेक असेल तर अँटेना बाहेर काढावीच लागेल, कार्बन सिग्नल अडवतो.

पहिल्यांदा पॉवर

बोर्ड उलटा करून टेबलावर, चाकं हवेत. ईएससी अजून न जोडता लूप की लावा आणि ईएससीकडे येणाऱ्या कनेक्टरवर मीटर धरा. लाल प्रोब लालवर, काळा काळ्यावर, आकडा प्लस यायला हवा. समोर मायनसचं चिन्ह आलं तर कुठेतरी प्लस-मायनस उलटलंय, आणि उलटा सप्लाय ईएससीला सेकंदही सहन होत नाही. लूप की काढा. आता ईएससीच्या इनपुटवर मीटर कंटिन्युइटीवर ठेवून तपासा: एक छोटा बीप येऊन थांबला तर कपॅसिटर भरले, ठीक. बीप चालूच राहिला तर शॉर्ट, पुढे जाऊ नका. जवळ करंट लिमिट असलेला बेंच सप्लाय असेल तर ३६ व्होल्टवर, १ अँपिअरची मर्यादा लावून पहिला सप्लाय त्यातूनच द्या, काही चुकलं असेल तर सप्लाय करंट थोपवून धरेल आणि धूर निघणार नाही.

सगळं बरोबर असेल तर ईएससी जोडा, लूप की लावा, दिवे लागले की यूएसबीने लॅपटॉपला जोडून व्हेस्क टूल (ईएससीच्या सेटिंगचं सॉफ्टवेअर) उघडा आणि मोटर विझार्ड चालवा. डिटेक्शनमध्ये मोटर चिरचिरते, मग फिरते, हात लांब ठेवा.

मग हे आकडे, प्रत्येक ईएससीला वेगळे भरायचे आणि लिहून सेव्ह करायचे. बॅटरी करंट कमाल २० अँपिअर (दोघांचे मिळून ४०, ३६ व्होल्टला १४०० वॅटच्या वर, नवख्या माणसाला पुष्कळ). मोटर करंट ४०. बॅटरी रिजेन (ब्रेक लावताना बॅटरीत परत जाणारा करंट) उणे ६, म्हणजे दोघांचे मिळून १२ अँपिअर परत जाणार, ४ पॅरलल सेलांत प्रत्येकी ३, सेलला झेपेल इतकंच. कटऑफ सुरू ३४ व्होल्टला, पूर्ण बंद ३१ला, म्हणजे सेलमागे ३.४ आणि ३.१. या दोघांच्या मध्ये जोर हळूहळू कमी होत जातो, एकदम तुटत नाही, त्यामुळे हा फरक कमी करू नका.

ईआरपीएमचं (इलेक्ट्रिकल आरपीएम, म्हणजे मोटरचे आरपीएम गुणिले पोल-जोड्या) गणितही करून बघा. १९० केव्ही गुणिले ४२ व्होल्ट म्हणजे ७९८० आरपीएम, अशा मोटरमध्ये सहसा १४ मॅग्नेट म्हणजे ७ पोल-जोड्या, गुणाकार आला ५५,८६०. व्हेस्क ४ मालिकेच्या हार्डवेअरला ६०,००० पर्यंत ठीक मानतात, आपण आत आहोत. हीच मोटर १२एसवर, ५०.४ व्होल्टला लावली तर ६७,०००च्या वर जातं, म्हणून जुन्या ईएससीवर उगाच सेल वाढवू नका.

रिमोटचा मोड 'करंट, नो रिव्हर्स, विथ ब्रेक' ठेवा. मग चाकं हवेत फिरत असताना रिमोट बंद करा. चाकांचा जोर लगेच सुटला पाहिजे. काही रिसीव्हर सिग्नल गेला की शेवटचा सिग्नलच धरून ठेवतात, तसा निघाला तर तो बोर्डावर लावूच नका, कितीही चांगला असला तरी.

डब्यात बसवणं

रस्त्याचा हादरा सगळं सैल करतो. डेक वाकतो तिथे वायरींना थोडी ढील ठेवा, डब्याच्या कडेतून बाहेर जाते तिथे रबर ग्रोमेट, ट्रकजवळ वायर वळताना चाकाला किंवा बेल्टला लागत नाही ना ते बोर्ड दोन्ही बाजूंना पूर्ण कलवून बघा. पॅकवर वायर घासायची शक्यता असेल तिथे फिश पेपर (इन्सुलेशनचा जाड कागद). बॅलन्स प्लग आणि रिसीव्हरच्या प्लगवर हॉट ग्लूचा एक थेंब. पाण्यासाठी सिलिकॉन सीलंट लावणार असाल तर न्यूट्रल क्युअरवाला, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो त्यातलं अ‍ॅसिड तांब्याला खातं. आणि सील केलं म्हणून पावसात चालवू नका, सील शिंतोड्यांसाठी आहे.

पहिली चक्कर सपाट जागेवर, हेल्मेट घालून, दहा मिनिटं. बॅटरी अगदी फुल असताना उताराला जाऊ नका, ब्रेकची वीज परत घ्यायला भरलेल्या पॅकमध्ये जागा नसते, आधी थोडी उतरू द्या. परत आल्यावर लगेच लूप की काढा, डबा उघडा आणि प्रत्येक कनेक्टरला बोट लावा. सगळे कोमट असतील. एखादाच बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तो जॉइंट कच्चा आहे, आजच परत सोल्डर करा, उद्या नाही. पहिल्या आठवड्यात हे दोन-तीनदा करा, सेल गटांचं व्होल्टेजही त्याच वेळी मोजून डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, पुढच्या वेळी कुठला गट मागे पडतोय ते लगेच दिसतं.